आधी रबर, मग रंग

जुनी गाडी घरात आली, किंवा घरातलीच गाडी जुनी झाली, की आपल्याकडे पहिली चर्चा होते ती रंगाची. मूळचाच रंग ठेवायचा की दोन रंगांत करायची? क्रोम कुठून चकाकून आणायचं? व्हील कॅप कुठे मिळतील? मग इंजिन, मग सीटा, मग (ज्याची त्याची हौस) म्युझिक सिस्टिम. या यादीत दरवाजाच्या काचेभोवतीच्या रबराचा नंबर कधी लागतो? लागतच नाही. गाडी परत देताना रंगारी "साहेब, रबरं पण बघून घ्या एकदा" असं म्हणाला तर म्हणाला.

माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. जुन्या गाडीवरचा पहिला रुपया दरवाजाच्या काचेच्या रबरावर खर्च करावा. रंग नंतर. आणि पैसे एकाच कामापुरते असतील तर रंगाला हातच लावू नये.

मत जरा टोकाचं वाटेल, कल्पना आहे. पण आमच्या घरी हा वाद खरोखरच झाला. आजोबांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे अजून आहे. ताईचं लग्न ठरलं तेव्हा बाबांच्या डोक्यात आलं की गाडीला झक्कपैकी रंग काढू आणि पाठवणी तिच्यातूनच करू. मी म्हणालो, आधी काचेची रबरं बदलू. आईला विचारलं तर ती म्हणाली, दोन्ही नको, विकून टाका. असो. त्या वादात जे मुद्दे मी बाबांपुढे मांडले तेच जरा नीट लिहून काढतोय. उदाहरण पद्मिनीचं घेतलंय कारण ती हाताखालची आहे, पण अॅम्बॅसिडर, स्टँडर्ड हेराल्ड, पहिली मारुती ८००, कुठल्याही हँडलने काच वर-खाली करायच्या गाडीला हे लागू पडावं.

आधी आपण कशाबद्दल बोलतोय ते. "काचेचं रबर" असं आपण सरसकट म्हणतो, पण तिथे किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, काच दरवाजात शिरते त्या आडव्या फटीच्या बाहेरच्या कडेला बसलेली पट्टी. बाजारात तिला बीडिंग म्हणतात. काच खाली जाताना तिच्यावरचं पाणी आणि धूळ निपटून काढणं हे तिचं काम. दोन, तशीच पट्टी आतल्या बाजूने. तीन, काच ज्या खाचेतून वर-खाली सरकते तिचं अस्तर. हे बाहेरून रबर आणि आतून मखमलीसारखं लवदार असतं, आणि दुकानात "फेल्ट चॅनेल" किंवा नुसतं "चॅनेल" म्हटलं की कळतं. पद्मिनीसारख्या गाड्यांना पुढच्या दरवाजात ती तिकोनी, फिरवून उघडायची छोटी काचही असते. तिचं रबर वेगळं, साच्यातून काढलेलं, आणि मिळायला सगळ्यात अवघड. दरवाजाच्या चौकटीला जे जाड रबर असतं, ते दार लावल्यावर दाबलं जाणारं, ते यात धरलेलं नाही. तो वेगळा विषय.

आता मुख्य मुद्दा. बहुतेकांची समजूत अशी असते की काचेच्या रबराचं काम पाणी अडवणं. गाडीत पाणी येत नाहीये ना, मग रबर ठीक आहे! ही समजूतच गाड्या सडवते.

गाडीचा दरवाजा मुळात वॉटरप्रूफ नसतो. कधीच नव्हता. काच सरकती आहे म्हटल्यावर तिच्याभोवती थोडी फट राहणारच, आणि पाऊस पडला की थोडं पाणी काचेवरून ओघळून दरवाजाच्या पोटात जाणारच. ज्यांनी दरवाजा बनवला त्यांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी दरवाजाच्या तळाला भोकं ठेवली, आत आलेलं पाणी खाली गळून जावं म्हणून. आणि आतल्या पत्र्यावर, डोअर पॅडच्या मागे, प्लॅस्टिकचा किंवा मेणकागदासारखा पडदा चिकटवला, म्हणजे पोटातलं पाणी आत बसलेल्या माणसाच्या बाजूला येऊ नये. रबर बरंचसं पाणी बाहेर ठेवतं, जे आत शिरतं त्याला पडदा अडवतो, आणि जे अडतं त्याला भोकं वाट देतात. आमच्या धंद्यातल्या लोकांना ही रचना ओळखीची वाटेल. प्रत्येक थर आधीचा थर गळणार हे गृहीत धरून बसवलेला आहे. अशा रचनेचा तोटाही आमच्या लोकांना माहीत असतो. पहिला थर निकामी झाला तरी बराच काळ बाहेरून काहीच कळत नाही, कारण पुढचे थर बिचारे सांभाळून घेत असतात.

रबर कडक झालं की नेमकं काय होतं? पट्टी काचेपासून सुटते. मग पाणी थोडं न जाता भरपूर जातं. पण पाण्यापेक्षा वाईट म्हणजे त्याच्याबरोबर धूळ, माती, झाडाखाली गाडी असेल तर पानांचा चुरा, फुलांच्या पाकळ्या, बिया असं सगळं जातं. हे सगळं दरवाजाच्या तळाशी बसतं आणि ओलं होऊन त्याचा चिखल होतो. चिखल त्या भोकांमध्ये भरतो. भोकं बुजली की पाणी साठतं. आणि दरवाजाचा तळ म्हणजे आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांवर दुमडून बंद केलेली जागा. त्या दुमडीत रंग नीट पोचलेला नसतो आणि पाणी गेलं की लवकर वाळत नाही. तिथून गंज सुरू होतो. आतून बाहेर.

बाहेरून दिसतो तो शेवटचा अंक. दरवाजाच्या खालच्या कडेला रंगाला बारीक फोड येतात. फोड आला म्हणजे गंज सुरू झाला असं आपण समजतो. खरं तर फोड आला म्हणजे आतून पत्रा जवळपास संपला.

आणि आपण काय करतो? गाडी रंगाला देतो! फोड घासले जातात, वर लांबी भरली जाते, घासून गुळगुळीत होते, वर चकचकीत रंग. पाणी वरून येतंय तसंच येत राहतं. लांबीच्या मागे ओल तशीच. दोन-तीन पावसाळ्यांत फोड परत हजर, या वेळी आकाराने मोठे. म्हणजे रंगाचे पैसे तर गेलेच, शिवाय त्या काळात पत्रा आणखी सडला, आणि सडतोय हे दिसण्याची जी एक खूण होती ती आपण पैसे देऊन झाकून घेतली.

हे मी आंतरजालावर वाचून सांगत नाहीये. बाबांशी वाद चालू असताना मी फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं, रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळलं आणि ड्रायव्हरच्या दरवाजावर वरून खाली फिरवत नेलं. वर घट्ट चिकटत होतं. तळाच्या वर चार बोटं आल्यावर सुटून हातात आलं. तिथे पत्रा नव्हताच, लांबी होती. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजात "टचिंग" करून घेतलं होतं, त्याचा प्रताप. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, नाना पेठेत जाणार असशील तर मीही येतो. ताईच्या लग्नात गाडी जुन्याच रंगात गेली. झेंडूच्या माळा एवढ्या होत्या की फोटोत रंग कुठे दिसतोय!

आता याच्या विरुद्ध बाजूने जे बोललं जातं त्याकडे वळतो. तीन आक्षेप नेहमी ऐकायला मिळतात.

पहिला आक्षेप शौकिनांचा: "मूळचं काही बदलू नये. ओरिजिनल रबर निघालं की गाडीचं मोल कमी होतं." या मताबद्दल मला आदर आहे. डॅशबोर्ड, काचा, बटणं, हँडलं यांच्या बाबतीत मी शंभर टक्के त्यांच्या बाजूने आहे. पण रबर त्या यादीत बसत नाही. ते टायरसारखं, वायपरच्या ब्लेडसारखं झिजण्यासाठीच बनवलेलं आहे. मूळचे टायर घालून कोणी गाडी चालवत नाही. ज्याला मूळ रबर जपायचं असेल त्याने ते काढून, वाळवून, चिठ्ठी लावून पिशवीत भरून डिकीत ठेवावं. पण मूळ रबर जपण्यासाठी मूळ पत्रा सडवायचा, हे काही मला पटत नाही. पत्रा परत मिळत नाही.

याच आक्षेपाचा धाकटा भाऊ म्हणजे "जुन्या स्टॉकमधलं, कंपनीच्या पाकिटातलं सीलबंद रबर मिळालंय!" अशा पाकिटावर लोक तुटून पडतात. इथे जरा रसायनशास्त्र. नैसर्गिक रबराच्या लांबलचक रेणूच्या मुख्य साखळीतच दुहेरी बंध असतात, आणि हवेतला ओझोन नेमका तिथेच वार करतो. साखळ्या तुटतात आणि रबराला बारीक भेगा पडतात. ज्या दिशेने ते ताणलेलं असेल तिच्या काटकोनात. ऊन आणि उष्णता त्यात भर घालतात. हे सगळं गाडीवर वेगाने होतं आणि पाकिटात सावकाश, पण होतं. पद्मिनीचं उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलं. म्हणजे त्या काळातलं सीलबंद रबर कधीच न वापरलेलं असेल, पण कोवळं नक्की नाही. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, त्यावरून त्याचं वय कळतं. काचेच्या पट्टीवर असं काही छापलेलं नसतं, म्हणून आपण फसतो.

आज नव्याने बनणाऱ्या चांगल्या पट्ट्या बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, असतात ते बाजूच्या फांद्यांवर, त्यामुळे ओझोन आणि ऊन दोन्हीला ते कितीतरी जास्त काळ दाद देत नाही. आता १९८४ च्या गाडीला आजचं रबर लावणं हे शुद्धतावाद्यांच्या दृष्टीने पाप असेल, पण त्या इंजिनिअरांना हे स्वस्तात मिळालं असतं तर त्यांनी आनंदाने वापरलं असतं, याबद्दल मला शंका नाही. एकच पथ्य. ईपीडीएमला खनिज तेल चालत नाही, त्याने ते फुगतं. तेव्हा काच जड जातेय म्हणून पट्टीवर इंजिन ऑइल, ग्रीस असलं काही चोळू नये. सिलिकॉनचा फवारा मारावा, किंवा आपलं साधं संगजिरं.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: "एवढा खटाटोप कशाला? सिलिकॉनची ट्यूब आणा, फट दिसेल तिथे भरा, काम खलास." ही सूचना देणारे लोक फार प्रेमाने देतात, म्हणून त्यांना नाही म्हणणं अवघड जातं. पण वरची रचना डोळ्यांसमोर आणा. सरकत्या काचेच्या फटीत सिलिकॉन भरता येत नाही, काचच अडकेल. मग ते भरलं जातं दरवाजाच्या खालच्या कडेला, जिथून पाणी "गळताना" दिसतं. म्हणजे नेमकी पाणी बाहेर जायची भोकं आपण आपल्या हाताने बुजवतो! गळती थांबते, माणूस खूश होतो, आणि दरवाजाचा हौद होतो. दरवाजाच्या तळातून पाणी टपकताना दिसणं ही चांगली बातमी आहे, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की असले जुगाड आपोआप बंद होतात.

तिसरा आक्षेप घरातला: "गाडी वर्षातून चार वेळा बाहेर निघते. पावसात तर काढतच नाही. रबराचं काय करायचंय?" तर काढत नाही म्हणूनच. रोज चालणाऱ्या गाडीचे दरवाजे उघडतात, मिटतात, हादरतात, वारा लागतो, आतली ओल वाळते. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये चार महिने उभी असलेल्या गाडीत गेलेलं पाणी तिथेच मुक्काम करतं. त्यात वरून प्लॅस्टिकचं, हवा न खेळणारं कव्हर घातलेलं असेल तर विचारायलाच नको. आणि मुंबईत, कोकणात किनाऱ्याजवळ असाल तर हवेतलं मीठ गंजाला आणखी हात देतं.

आता काम कसं करायचं ते थोडक्यात, कारण नुसतं मत मांडून पळ काढणं बरं नाही. हे काम वीकांताचं आहे. पहिल्या दरवाजाला अर्धा दिवस धरा, पुढचे लवकर होतात. सुरुवात ड्रायव्हरच्या बाजूने करा, कारण ती काच सगळ्यात जास्त वर-खाली होते आणि तिचंच चॅनेल सगळ्यात जास्त झिजलेलं असतं.

आधी काचेचं हँडल. ते स्क्रूने बसवलंय, पिनेने की मागच्या तारेच्या क्लिपने, हे बघितल्याशिवाय ओढू नका. क्लिप असेल तर हँडलच्या मागून फडक्याची पट्टी घालून बूट पुसल्यासारखी इकडून तिकडे ओढली की क्लिप सुटते (आणि उडून हरवते, म्हणून दुसरा हात तयार ठेवा). मग डोअर पॅड. त्याच्या मागे हार्डबोर्ड असतो आणि जुना हार्डबोर्ड पापडासारखा मोडतो. क्लिपा जिथे आहेत तिथेच, रुंद पात्याला कापड गुंडाळून, हळूहळू उचकटायचं. मागे पडदा असेल, फाटका का होईना, तर फेकू नका. नवा कापायला तोच नमुना. बऱ्याच गाड्यांत पडदा नसतोच, आधीच्या कोणीतरी काढून टाकलेला असतो.

आता दरवाजाच्या पोटात बॅटरी मारून बघा. जे दिसेल त्याला नावं ठेवू नका. आमच्या दरवाजातून ओंजळभर माती निघाली, तीत एका पेनाचं टोपण आणि एक चार आण्याचं नाणं. माती काढा, तळाची भोकं लाकडी काडीने मोकळी करा, पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. "पूर्ण" हा शब्द महत्त्वाचा. गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून, गंजावर लावायचं रसायन, मग प्रायमर, मग रंग. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा.

जुनी पट्टी काढताना काच पूर्ण खाली आणि बाहेरच्या रंगावर मास्किंग टेप. स्क्रू ड्रायव्हर खुपसण्यापेक्षा लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी बरी. पट्टी ज्या पत्र्याच्या कडेवर बसते ती कड वाकली असेल तर आत्ताच सरळ करा, नंतर दुरुस्त होत नाही. नवं चॅनेल बसवताना एकच नियम: ताणायचं नाही. ताणून बसवलेलं रबर पुढे आखडतं आणि कोपऱ्यात नेमकी फट पडते. सुतळीने लांबी मोजा, बोटभर जास्त कापा, कोपरे आधी बसवा आणि मधला भाग किंचित रेटत आत घ्या. मग काच सावकाश वर. जड गेली तर जोर लावू नका. चॅनेलचा छेद जाड आहे, दुसरं आणा. जाड रबर घासून घासून "बसेल" म्हणणारे लोक पुढे काचेची मशीन बदलायला पैसे घालतात, कारण दाते तिचे जातात.

शेवटी पडदा. त्याची खालची कड आतल्या पत्र्याच्या फटीतून दरवाजाच्या पोटात गेली पाहिजे, म्हणजे पडद्यावरून ओघळणारं पाणी आतच पडेल. कड बाहेर राहिली तर तेच पाणी तुमच्या पायाखालच्या मॅटवर येईल. आणि पॅड परत बसवायच्या आधी पाणी ओतून बघा. खालून सुरू करून वर जा, म्हणजे कुठल्या उंचीला गळतंय ते नेमकं कळतं. वरून ओतलं की सगळीकडेच ओलं होतं आणि काहीच कळत नाही.

याचा एक बोनसही आहे. जुन्या गाडीची ती प्रसिद्ध खडखड, जिला आपण कौतुकाने "कॅरॅक्टर" वगैरे म्हणतो, तिचा बराचसा भाग ढिल्या चॅनेलमधल्या काचेचा असतो. आमच्या पद्मिनीत आता बोलताना ओरडावं लागत नाही. बाबांना हे रंगापेक्षा जास्त आवडलंय असा माझा संशय आहे :)

रबर आणायला जाताना जुना तुकडा बरोबर न्या. गाडीचं नाव सांगून नुसतं मागू नका, कापलेला छेद छेदाला लावून बघा. नवी पट्टी बोटांत दुमडून घट्ट दाबा. घडीवर केसासारख्या रेषा दिसल्या तर ती शिळी आहे. मखमल अंगठ्याने चोळा, लव हातात आली तर ठेवून द्या.

आणि हे जरा लवकर करा असं मी म्हणतोय त्याला कारण आहे. पद्मिनीचे भाग इतकी वर्षं सहज मिळत होते ते आपल्यासारख्या हौशी लोकांमुळे नव्हे, तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. टॅक्सीवाल्याला रबर लागायचं म्हणून कोणीतरी ते काढायचं आणि दुकानदार ठेवायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत तेव्हा हळवे लेख आले. मला मात्र दुकानाच्या फळ्या डोळ्यांपुढे आल्या. गिऱ्हाईकच उरलं नाही तर माल कोण भरणार? रबराची लांब पट्टी यंत्रातून काढायला त्या छेदाची डाय लागते, आणि एका माणसाच्या चार दरवाजांसाठी कोणी डाय बनवत नाही. पण वीस-पंचवीस गाडीमालकांनी मिळून ऑर्डर दिली तर छोटा कारखानदार निदान ऐकून तरी घेतो. जुन्या गाड्यांचे जे गट रविवारी सकाळी मिसळ खायला एकत्र जमतात त्यांनी वर्षातून एकदा हे काम केलं तर मिसळ सत्कारणी लागेल.

यातलं खरं पणाला लागलेलं एका आकड्यात सांगता येतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मोठे फेरफार न केलेली गाडी "व्हिंटेज" म्हणून वेगळी नोंदवता येते. आमची १९८४ ची, म्हणजे २०३४. शेवटच्या पद्मिनींना तर २०५० उलटून जाईल. तोपर्यंत इंजिन पुन्हा बांधता येईल, सीटा शिवता येतील, रंग दहा वेळा काढता येईल. या सगळ्या गोष्टींना कारागीर मिळतात. पण आतून सडून गेलेला दरवाजा मिळणार नाही, कारण तो बनवणारा कुर्ल्याचा कारखानाच आता गाडी बनवत नाही. जो भाग परत मिळत नाही त्याचं रक्षण जो स्वस्त भाग करतो, त्याच्यावर आधी खर्च करायचा. इतकं सरळ गणित आहे.

तेव्हा तुमच्याकडे, किंवा गावी मामाकडे, काकांकडे अशी एखादी गाडी उभी असेल तर मे महिन्यात एक तांब्या पाणी घ्या. काच पूर्ण वर करा. काचेच्या खालच्या कडेवर बाहेरून सावकाश पाणी ओता आणि खाली वाकून दरवाजाच्या तळाकडे बघत बसा. थोडंसंच पाणी भोकांतून टपकलं तर उत्तम, पट्टी आणि भोकं दोन्ही आपापलं काम करताहेत. भसाभसा आलं तर भोकं मोकळी आहेत, पण पट्टी गेली, बदला. आतल्या मॅटवर आलं तर पडदाही गेलाय. आणि पट्टीला तडे गेलेले दिसताहेत, अख्खा तांब्या ओतलाय, आणि खालून काहीच आलं नाही, तर खूश होऊ नका. डोअर पॅड त्याच दिवशी काढा.